चावी काढली तरी इंजिन चालूच? जुन्या डिझेल मोटरहोमची तपासणी कुठून सुरू करायची

चावी बंद केली, डॅशबोर्डचे दिवे गेले, तरी बॉनेटखाली इंजिन निवांत धडधडतंय. जुन्या डिझेल मोटरहोममध्ये, म्हणजे मागे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, हा बिघाड नेहमीचा आहे, आणि बहुतेक वेळा दुरुस्तीही स्वस्तात होते. पण नवखा माणूस इथे हमखास भलत्याच टोकाला हात घालतो, म्हणजे बॅटरीची केबल काढायला जातो. ते करू नका. का, ते पुढे येईलच.

पेट्रोल इंजिनाचा स्पार्क तोडला की ते थांबतं. डिझेलमध्ये स्पार्क नसतो. दाबलेल्या गरम हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. त्यामुळे चालू डिझेल इंजिन थांबवायचे मुख्य मार्ग दोन आहेत: डिझेल तोडा किंवा हवा तोडा. जुन्या गाड्यांत चावी डिझेल तोडते, पण थेट नाही. मध्ये एखादी केबल, व्हॅक्यूमचा पडदा किंवा सोलेनॉइड (वीज मिळाली की दट्ट्या ओढणारी कॉइल) असतो. दोष बहुधा या मधल्या दुव्यात निघतो, इंजिनात क्वचितच.

सगळ्यात आधी कान द्या

इंजिन एका लयीत, नेहमीच्या स्लोवर चालतंय का? मग घाई नाही. दहा मिनिटं तसंच चालू राहिलं तरी काही बिघडत नाही.

ॲक्सिलरेटरला पाय न लावता रेस चढत चालली असेल आणि सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर लोटत असेल, तर मामला वेगळा आहे. इंजिन इंजेक्शन पंपाचं (इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं) डिझेल सोडून दुसरंच काही जाळतंय: स्वतःचं ऑइल, ऑइलची वाफ किंवा जवळपास गळणारा गॅस. याला इंजिन पळत सुटणं म्हणतात. अशा वेळी चावी, सोलेनॉइड, पंप यांतलं काहीच कामाचं नाही. हवा तोडावी लागते, तीही काही सेकंदांत.

एअर फिल्टरची नळी सुटी करता येत असेल तर ती ओढून काढा आणि हवेच्या तोंडावर प्लायवूडचा तुकडा किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सपाट दाबून धरा. तळहात लावू नका, फडकंही कोंबू नका. ओढ इतकी जबर असते की फडकं आत जातं आणि हाताला इजा होते. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक असेल तर तो हवेच्या तोंडात सोडणं हा चांगला उपाय आहे. इंजिनाच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहू नका. तोंडापर्यंत हात पोचत नसेल किंवा रेस फारच चढली असेल, तर सगळ्यांना उतरवून लांब जा. इंजिन गेलं तर गेलं.

स्लोवर चालणारं इंजिन थांबवायचे मार्ग

पंपावर हाताने हलवायचा स्टॉप लिव्हर असेल तर तोच वापरा. मर्सिडीजच्या ओएम ६१६ आणि ओएम ६१७ इंजिनांच्या पंपावर तो असतो. तो दाबून धरला की इंजिन दोन-तीन सेकंदांत थांबतं.

लिव्हर नसेल आणि गिअर हाताने टाकायचे असतील, तर इंजिन गिअरमध्ये कोंडून बंद करा. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच झटकन सोडा. फियाट डुकाटोसारख्या गाडीत ओढ पुढच्या चाकांना असते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. तिथे पायाच्या ब्रेकवरच भिस्त ठेवा. समोर माणूस किंवा भिंत असताना हा प्रयोग नको.

तिसरा मार्ग म्हणजे फिल्टरकडून पंपाकडे जाणारी रबरी नळी गोल जबड्याच्या क्लॅम्पने दाबणं. पक्कड लावलीत तर जुनं रबर चिरतं. पंपात आणि नळीत उरलेलं डिझेल संपेपर्यंत इंजिन चालत राहील, थोडा धीर धरा. ही रोजची सवय मात्र करू नका. बॉशच्या व्हीई पंपासारखे रोटरी पंप आतून डिझेलनेच वंगण घेतात. कोरडे फिरले की झिजतात, आणि पंपाचं काम खिशाला जड जातं.

इंजेक्टरच्या पाइपांचे नट मात्र इंजिन चालू असताना कधीच ढिले करू नका. तिथल्या फवाऱ्याचा दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत शिरतं. ही जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तिला तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

आता बॅटरीचं. चालू इंजिनाची बॅटरी काढली तरी अल्टरनेटर वीज देतच राहतो, त्यामुळे सोलेनॉइड उघडा राहतो आणि इंजिन थांबत नाही. उलट बॅटरीचा आधार सुटल्यावर व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेग्युलेटर, चार्जर, फ्रिजचं सर्किट यांपैकी काहीतरी जळून जातं.

तुमच्या गाडीत कुठली पद्धत आहे?

डॅशबोर्डखाली ओढायची मुठ आणि तिच्यापासून पंपापर्यंत जाड केबल दिसली तर केबलची पद्धत. पंपाच्या अंगाला थाळीसारखा डबा आणि त्याला बारीक प्लॅस्टिकची नळी असेल तर व्हॅक्यूमची. पंपाच्या डोक्यावर, इंजेक्टरचे पाइप निघतात तिथेच जवळ, अंगठ्याएवढा धातूचा तुकडा आणि त्यावर एकच वायर असेल तर सोलेनॉइडची.

युरोपातल्या जुन्या मोटरहोममध्ये पहिल्या पिढीची डुकाटो (१९८१ ते १९९३) आणि तिची प्यूजो-सिट्रोएन भावंडं, फोक्सवॅगन एलटी, आयव्हेको डेली या गाड्यांवर व्हीई पंप आणि सोलेनॉइड सर्रास सापडतो. मर्सिडीजच्या टी१ मालिकेत, म्हणजे २०७डी, ३०९डी वगैरे गाड्यांत, ओएम ६१६ आणि ६१७ असतात. ही इंजिनं आपल्याकडच्या मिस्त्रींना परकी नाहीत. बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ओएम ६१६ परवान्यावर बनवलं आणि टेम्पो ट्रॅव्हलर याच टी१ वर बेतलेली आहे. जुन्या ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर असेल तर पुढचं बरंच तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल. फक्त बंद करायची मांडणी गाडीच्या सालाप्रमाणे बदलते, तेव्हा आधी डोळ्यांनी खात्री करा.

सोलेनॉइड: आधी ती एक वायर काढा

इथे निम्मं निदान एका कृतीत होतं. इंजिन स्लोवर, चावी बंद, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. सोलेनॉइडवरची वायर काढा. तिथे साधारण ८ मिमीचा छोटा नट किंवा नुसता सरकवायचा टर्मिनल असतो. वायरचं उघडं टोक कशालाही टेकू देऊ नका, लगेच टेप गुंडाळा.

इंजिन थांबलं, तर सोलेनॉइड ठणठणीत आहे. त्याला चावी बंद असूनही कुठून तरी वीज मिळत होती, म्हणजे काम वायरमनचं. थांबलं नाही, तर सोलेनॉइडच डिझेल अडवत नाहीये, म्हणजे काम पाना-स्पॅनरचं. हा निकाल लागेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

*वायर काढल्यावर थांबलं तर.* मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. काळा प्रोब इंजिनाच्या स्वच्छ धातूला, लाल प्रोब त्या काढलेल्या वायरला. इंजिन बंद, चावी बंद. आकडा शून्य हवा. इथेच १२ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर निर्दोष आहे, कारण तो फिरतच नाहीये. संशय इग्निशन स्विचवर, चिकटलेल्या रिलेवर (विजेने चालणाऱ्या स्विचवर) किंवा गाडीच्या मागच्या राहण्याच्या भागातल्या वायरिंगवर घ्या.

इग्निशन स्विचचे दोन भाग असतात: चावीचं कुलूप आणि त्याच्या मागे विजेचा स्विच. मधला प्लॅस्टिकचा जोड झिजला की चावी फिरते, पण मागचा स्विच पूर्ण परत येत नाही. खूण सोपी आहे, चावी काढूनही डॅशबोर्डचे काही दिवे चालू राहतात. युरोपीय गाड्यांत या स्विचवर आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून कायमची वीज, १५ म्हणजे चावी दिल्यावर मिळणारी, ५० म्हणजे स्टार्टर. चावी बंद असताना १५ वर वीज असेल तर त्या टर्मिनलच्या सगळ्या वायरी सोडवून स्विच पुन्हा मोजा. स्विचचं टोक अजूनही जिवंत असेल तर स्विच बदला. टोक मेलं आणि एखादी वायर जिवंत राहिली, तर उलटी वीज त्या वायरीतून येते आहे.

मोटरहोममध्ये या उलट्या विजेच्या जागा भरपूर, कारण गाडीत दोन बॅटऱ्या असतात आणि मागच्या तीस-चाळीस वर्षांत प्रत्येक मालकाने काही ना काही जोडलेलं असतं. दोन बॅटऱ्या जोडणारा रिले, १२ व्होल्टवरचा फ्रिज, सोलर, रिव्हर्स कॅमेरा, अलार्म. कोणीतरी रेडिओची कायमची लाइन आणि चावीची लाइन एकत्र पिळलेली असते, झालं. मीटर वायरला लावून ठेवा आणि फ्यूज एकेक करून काढा, राहण्याच्या भागातलेसुद्धा. ज्या फ्यूजवर आकडा पडेल त्याच सर्किटचा माग काढा. असा दोष राहिला तर सोलेनॉइड रात्रभर साधारण एक अँपिअर खात राहतो आणि सकाळी स्टार्टर बॅटरी बसलेली मिळते. दोन्ही तक्रारी एकदम आल्या तर त्या एकच समजा.

इंजिन बंद असताना आकडा शून्य, पण चालू असताना चावी बंद करूनही व्होल्टेज दिसतं, तर अल्टरनेटरकडे वळा. त्याच्या डी-प्लस टोकापासून एक बारीक वायर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याला जाते. चावी बंद केली तरी अल्टरनेटर फिरतो आहे तोवर डी-प्लसवर वीज असते. ती दिव्यातून उलटी १५ नंबरच्या लाइनवर येते. सोलेनॉइड पहिल्यांदा ओढायला जितका करंट लागतो, त्यापेक्षा धरून ठेवायला बराच कमी पुरतो. म्हणून मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट नसले तरी इंजिन चालत राहू शकतं. चावी बंद असताना चार्जिंगचा दिवा मंद पेटलेला दिसला तर जवळपास खात्रीच. जुना अल्टरनेटर काढून दुसऱ्या गाडीचा बसवल्यावर ही तक्रार विशेष येते.

खात्रीसाठी इंजिन बंद करून डी-प्लसची बारीक वायर सोडवा, टोक टेपने झाका. सोलेनॉइडची वायर परत लावून इंजिन चालू करा आणि चावी बंद करून पाहा. आता लगेच थांबलं तर दिव्याच्या वायरीत एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवा. १एन५४०२ पुरतो, तीन अँपिअरचा असतो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात किरकोळ किमतीला मिळतो. पट्टी असलेलं टोक अल्टरनेटरकडे ठेवा. उलटा लागला तर दिवा पेटणार नाही आणि चार्जिंग सुरू व्हायला कुरकुर होईल. जोड डागून त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवा. नुसते पीळ मारलेले जोड इंजिनाच्या हादऱ्याने सुटतात.

*वायर काढूनही चालूच राहिलं तर.* सोलेनॉइडच्या आत स्प्रिंग आणि छोटा दट्ट्या असतो. वीज मिळाली की दट्ट्या मागे ओढला जातो, गेली की स्प्रिंग त्याला पुढे ढकलून डिझेलची वाट बंद करते. दट्ट्याच्या टोकाला रबरी सील असतं. कचऱ्याने दट्ट्या अडकला किंवा सील झिजलं की डिझेल झिरपत राहतं. अर्धवट झिरपलं तर इंजिन थांबायला वेळ घेतं, आचके देतं आणि मग बंद पडतं. हा बिघाडाचा पहिला टप्पा.

गाडी नुकतीच जुनी विकत घेतली असेल तर आधी वेगळाच संशय घ्या: आत दट्ट्याच नसेल. सोलेनॉइड जळाला की गाडी चालूच होत नाही. मग रस्त्यात कोणीतरी दट्ट्या आणि स्प्रिंग काढून नुसतं झाकण परत बसवतो. गाडी घरी पोचते, पण चावीने पुन्हा कधी बंद होत नाही. नवा सोलेनॉइड टाकायचं राहून जातं आणि गाडी विकली जाते.

काम असं करा. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर बंद करा. पंपाचं डोकं ब्रशने आणि डिझेलने धुऊन पुसा. या पायरीत आळस केलात तर बाहेरची माती पंपात जाते आणि आधीच्या बिघाडापेक्षा मोठं काम निघतं. वायर सोडवा, २४ मिमीच्या पान्याने सोलेनॉइड हळू उघडा. शेवटचे आटे हाताने फिरवा आणि खाली फडकं धरा, कारण दट्ट्या आणि स्प्रिंग टपकन खाली पडतात. दट्ट्याचं टोक नखाने तपासा. सीलवर खाच पडली असेल किंवा ते टणक झालं असेल तर पूर्ण सोलेनॉइड बदला. नुसता कचरा असेल तर स्वच्छ डिझेलने धुवा, कापसाचे धागे सुटणारं फडकं वापरू नका. दट्ट्या कॉइलमध्ये धरून १२ व्होल्ट द्या, टक् आवाजासह तो आत ओढला गेला पाहिजे. ही चाचणी डिझेलच्या भांड्यापासून लांब करा. परत बसवताना नवी ओ-रिंग टाका आणि बेताने आवळा. पंपाचं डोकं तिथे नाजूक असतं.

१९९० च्या दशकातल्या काही गाड्यांत चोरी टाळण्यासाठी सोलेनॉइडवर पोलादी कवच असतं आणि त्यातच इमोबिलायझर असतो. ते छिन्नी-हातोड्याने फोडू नका, डिझेल पंपाच्या वर्कशॉपमध्ये न्या.

अमेरिकेतल्या मागे इंजिन असलेल्या मोटरहोम

१९९० च्या दशकातल्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत ५.९ लिटरचं, १२ व्हॉल्व्हचं कमिन्स असतं. पी७१०० पंपाच्या इंजिनावर सोलेनॉइड बाहेरच असतो. चावी दिली की तो पंपाचा लिव्हर वर उचलून धरतो, काढली की स्प्रिंग लिव्हर खाली पाडते. रबरी टोपी फाटून माती-पाणी गेलं किंवा लिव्हरची खीळ गंजली की तो वरच अडकतो. हाताने खाली दाबला की इंजिन थांबतं. खीळ साफ करून तेल द्या, दांडी सरळ चालते का पाहा, टोपी बदला.

व्हॅक्यूमची पद्धत

इथे ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंपच इंजिन बंद करण्याच्या डब्यालाही व्हॅक्यूम देतो. म्हणून पहिली तपासणी पायाने करा. इंजिन चालू असताना ब्रेक पेडल दगडासारखं कडक लागतंय का? मग व्हॅक्यूम पंप किंवा मुख्य नळीच गेली आहे. इंजिन बंद न होणं ही मग दुय्यम गोष्ट. ती गाडी रस्त्यावर काढू नका.

ब्रेक नीट असेल तर स्टॉप लिव्हर दाबून पाहा. इंजिन थांबलं तर पंप चांगला, दोष व्हॅक्यूमच्या बाजूला. डब्यावरची नळी काढा आणि तिथे ६० मिलीची सिरिंज बारीक रबरी नळीने जोडून इंजिन स्लोवर असताना दट्ट्या ओढा. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर अर्धा बार द्या. इंजिन थांबलं आणि ओढ टिकून राहिली तर डबा चांगला आहे. मग चावीमागचा व्हॉल्व्ह आणि बारीक नळ्या तपासा, विशेषतः जिथे रबरी जोड आहेत तिथे. चाळीस वर्षांचं रबर टोकाला तडकतं. एक-दीड सेंटिमीटर कापून परत चढवलं की पुष्कळदा भागतं. ओढ टिकत नसेल तर आतला पडदा फाटला आहे. काढलेल्या नळीत इंजिन ऑइल सापडलं तर शंकाच नको, फाटलेल्या पडद्यातून ऑइल ओढलं जाऊन चावीपर्यंत पोचतं. नवा डबा बसवल्यावर नळ्याही धुवा आणि वाळवा. डबा काढण्याआधी आतला हूक कसा अडकलाय त्याचा फोटो घ्या. तो चुकीचा अडकला तर इंजिन बंद होणार नाही किंवा सुरूच होणार नाही.

केबल

ही सगळ्यात सोपी. एकाने मुठ ओढावी, दुसऱ्याने पंपाकडे पाहावं. लिव्हर हलत नसून केबलचं बाहेरचं कवच वाकत असेल तर कवच धरणारी क्लिप ढिली झाली आहे. मुठ जड लागत असेल तर आतली तार गंजली आहे, बदला. जुळवताना मुठ पूर्ण आत असताना केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा. ताणून बांधलीत तर लिव्हर थोडा बंदच्या बाजूला राहतो आणि घाटात गाडीचा दम तुटतो.

इंजिन पळत सुटलं होतं, आता थांबलंय

पुन्हा स्टार्टर मारू नका. आधी डिपस्टिक पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा किंवा इंजेक्शन पंपाचं सील फुटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. गळती बुजवून ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन हलवू नका. टर्बो असेल तर हवेची नळी काढून बोट फिरवा. ऑइलची ओल नेहमी थोडी असते, पण आत ऑइल साचलेलं असेल तर टर्बोचं सील गेलंय. ऑइल बाथ एअर फिल्टर असेल तर त्याच्या वाटीतली खूण पाहा. जास्त ऑइल भरलं की इंजिन तेच पिऊन पळतं. ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी तुंबली आहे का तेही बघा. आणि मोटरहोम असल्याने गॅसची शेगडी, नळी, रेग्युलेटर यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा.

परत चालू करताना

पंप किंवा नळी उघडली की पाइपात हवा धरणार. फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबा, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. ईथरचा स्प्रे अजिबात नको, विशेषतः ग्लो प्लग असलेल्या इंजिनात. चालू झाल्यावर थंड असताना तीन-चारदा बंद करून पाहा, मग अर्धा तास चालवून गरम असताना पुन्हा. चिकटणारा दट्ट्या आणि तडकलेला पडदा गरम झाल्यावर वेगळे वागतात.

स्टॉप लिव्हर दाबूनही इंजिन थांबत नसेल, रेस मात्र चढत नसेल, तर पंपाच्या आतली रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारी सरकती दांडी) अडकली आहे. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीत डिझेल चिकट होऊन असं होतं. असा पंप घरी उघडू नका आणि इंजिनही पुन्हा चालू करू नका, कारण रॅक भरपूर डिझेलच्या जागी अडकली असेल तर इंजिन सुरू होताच रेस थेट वर जाते. गाडी ओढून न्या आणि पंपवाल्याला आधीच सांगा की रॅक जाम आहे, म्हणजे तो तपासायला म्हणून स्टार्टर मारणार नाही.